खुंटीवरची खूण

आमच्या आबांना कुठं जायचं म्हटलं की जाण्यापेक्षा निघण्याचीच हौस जास्त. हिर्डोशीपासून आत, डोंगराच्या पोटाशी आमची वाडी. वाडीमागचा डोंगर चढून गेलं की माथ्यावर धनगरांची चारदोन घरं, आणि त्यांच्या पलीकडं एकदम कडा. कड्याच्या खाली कोकण. त्या कड्यातून एक नाळ उतरते. नाळ म्हणजे पावसाच्या पाण्यानं कोरून काढलेली दगडगोट्यांची अरुंद वाट. मीठ, सुकी मासळी, आमसुलं आणि सोयरिकी, सगळं त्याच वाटेनं वरखाली व्हायचं. वाडीतली दुसरी माणसं धोतर खोचायची, फडक्यात भाकरी बांधायची आणि चालू लागायची. आबांचं तसं नव्हतं. ते कोकणात उतरणार हे वाडीला आधीच कळायचं, कारण त्यांच्या नव्या खिळे ठोकलेल्या वहाणांचा करकर आवाज अंगणात सुरू व्हायचा. वहाणा पायाला बसल्यात की नाही हे बघायला ते डोक्यावर नाचणीचं पोतं घेऊन तुळशीभोवती फेऱ्या मारत. येणारेजाणारे विचारत, "काय आबा, कुठवर आलं कोकण?" आबा मान न वळवता सांगत, "हासा. पाय मुरगाळला की मग माजं नाव घ्याल."

त्या वर्षी मात्र हसण्यासारखं काम नव्हतं. माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्काच म्हणायचो, खाली कोकणात दिली होती. तिला पहिल्या खेपेचे दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज. आणि आठव्यात पोटुशी बाई घरातून हलवायची नाही, हाही रिवाजच. म्हणजे सातवा सरायच्या आत अक्काला नाळेनं वर आणायला हवं होतं. नाहीतर तिचं बाळंतपण खालीच, तिच्या सासूच्या हाताखाली. ती सासू वाईट नव्हती, पण तिच्या हाताखाली दोन सुना बाळंत झाल्या होत्या आणि त्यातली एकच उठली होती. आई हे कुणापाशी बोलायची नाही. भाकरी थापताना मात्र तिचे हात मधेच थांबायचे आणि तव्यावरची भाकरी करपायची.

आबा तयारीला लागले. बांबूच्या नळकांड्यात काडेपेटी घालून तोंड मेणानं बंद केलं. वाळवून पोकळ केलेल्या दुधी भोपळ्यात पाणी भरून तो रात्रभर टांगून ठेवला, गळतो का बघायला. कोयत्याला धार लावली. काठीच्या टोकाला घुंगरू बांधलं, साप आधीच दूर व्हावा म्हणून. साप नुसत्या पावलांनीही पळतो, असं आई म्हणाली, तर आबांनी तिच्याकडं असं काही बघितलं की ती चुलीकडं वळली. हळद, चुना, सुंठ, ऊन लागू नये म्हणून प्रत्येकाच्या कनवटीला कांदा, जखमेला बांधायला जुनी धुतलेली चिंधी, सुंभाचा दोर, आणि त्या दोराला लागला तर म्हणून आणखी एक दोर. आई दूध घालून दशम्यांचं पीठ मळायची, कारण त्या टिकतात. आबा रोज एक दशमी चाखून बघायचे, अजून टिकलीय का. टिकली की नाही देव जाणे, निम्म्या दशम्या त्या तपासातच संपल्या आणि आईला नव्यानं पीठ मळावं लागलं.

या सगळ्यावर कळस म्हणजे डोली. अक्का नाळेनं चालत येणार नाही हे उघड होतं. म्हणून आबांनी लांब वेळूला घोंगडं बांधून डोली केली. पुढून आबा उचलणार, मागून दाजी, म्हणजे अक्काचे मालक. पण सराव नको? सरावाला गरोदर बाई नको? झालं. मी सोळा-सतरा वर्षांची घोडी. माझ्या पोटावर तांदळाचं गाठोडं बांधलं, मला डोलीत बसवलं, आणि शेजारच्या म्हादूतात्याला मागं धरायला लावून आबांनी माझी वाडीभर वरात काढली. पोरं मागं धावतायत, बाया दारात येऊन तोंडाला पदर लावतायत, आणि आबा पुढून ओरडतायत, "हलू नगंस! अक्का हलंल का अशी?" वळणावर म्हादूतात्याचा पाय घसरला, मी शेणात पडले, गाठोडं फुटलं आणि तांदूळ कोंबड्यांनी खाल्ला. आबा काळजीनं धावत आले. त्यांनी आधी वेळू तडकलाय का ते बघितलं. त्या वर्षी मला बघायला येणारी एक सोयरीक आलीच नाही. आई म्हणायची, ही बातमी डोलीच्या आधी पोचली असणार. माझं पुढं चांगलं झालं, तेव्हा आता हसायला हरकत नाही.

शेवटी आईचा धीर सुटला. "तुमची तयारी व्हईस्तवर अक्काचं लेकरू आपल्या पायानं नाळ चढून यील," ती म्हणाली. "उद्या निगायचं. न्हाईतर म्या एकली जाते." आबा असे का होते हे मला ठाऊक होतं. त्यांचे वडील, म्हणजे माझा आजा, आबा लहान असताना मिठाला म्हणून खाली उतरले. हातात काठी नाही, दोर नाही, खांद्यावर नुसतं रिकामं पोतं. ते वर आलेच नाहीत. त्यांची खूण तेवढी घरी आली. आबा अंगणात गोट्या खेळत होते, त्यांनी ती येताना बघितली.

आता खूण म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण हल्लीच्या पोरांना ते कळायचं नाही. माझी नातवंडं सिंहगडावर गेली तरी मोबाईलवर पंधरा फोटो पाठवतात, आणि रेंज गेली की इथं माझी सून देव पाण्यात ठेवते. आमच्याकडं रेंज म्हणजे ठकूमावशी. माथ्यावरच्या पहिल्या धनगराच्या घरातली ही बाई. काळी, सडसडीत, आवाज असा की समोरच्या डोंगरावरची शेळी मागं फिरायची. तिच्या घराच्या मधल्या मेढीला, म्हणजे छप्पर तोलणाऱ्या खांबाला, लाकडाच्या खुंट्या ठोकलेल्या होत्या. नाळ उतरणाऱ्यानं आपली खूण तिच्या हातात द्यायची आणि कधी परत येणार ते सांगायचं. ती खूण खुंटीला अडकवायची. वर आलं की ज्याची त्यानं आपल्या हातानं काढून घ्यायची. ठरल्या दिवशी दिवस बुडेपर्यंत खूण खुंटीवरच राहिली, तर दुसऱ्या दिवशी उजाडताच मावशीच्या घरचे पुरुष दोर घेऊन नाळेत उतरायचे, तुम्हाला शोधायला. कुणी सांगावं लागायचं नाही आणि याचं कुणी काही द्यायचंही नाही. सापडलात तर खांद्यावर घेऊन वर आणायचे. सापडलात पण जिवंत नसलात, तर त्या घरची बाई खूण हातात घेऊन तुमच्या दारात यायची. दारात आलेली खूण म्हणजे मरणाचा निरोप. त्यामुळं माणूस जिवंत असेल तर कारण काहीही असो, ठकूमावशी कुणाची खूण घरपोच करायची नाही. आमच्या घराची खूण काळ्या लोकरीच्या दोऱ्यात ओवलेला रिठा. आबांचा नुसता रिठा, आईच्या दोऱ्याला लुगड्याच्या काठाची चिंधी, माझ्या दोऱ्याला लाल मणी.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. उन्हं वर यायच्या आत माथ्यावर पोचलो, आणि मावशीनं आम्हाला ताक दिलं. आबांच्या पाठीवरचा पसारा बघून ती म्हणाली, "आबा, घर खाली नेताव व्हय? मग भिताडं का ठेवली?" आबांनी नुसते दोन्ही दोर दाखवले. मावशीनं आमच्या खुणा घेतल्या आणि विचारलं, "कवा?" आबा म्हणाले, "बाजाराच्या आदल्या दिशी. चौघं." तेव्हा मी मेढीवर बघितलं. एका कडेच्या खुंटीला अक्काची खूण होती. तिच्या दोऱ्याला हळदीच्या लुगड्याचा पिवळा तुकडा होता, धुरानं आता तपकिरी झालेला. लग्न होऊन खाली जाताना तिनं ती दिली होती. मावशीनं तेव्हा विचारलं होतं, "कवा?" आणि नव्या नवरीनं काय सांगायचं, म्हणून अक्का नुसती रडली होती. सासरी गेलेल्या मुलींच्या खुणांना दिवस नसतो. शोधायलाही कुणी उतरत नाही. त्या तशाच लटकतात.

उतरण धड झाली. घुंगरामुळं असो की आबांच्या करकरीमुळं, साप काय, पाखरूही दिसलं नाही. खाली अक्का भेटली. तिचे पाय सुजले होते आणि तोंड उतरलं होतं. आईनं तिला जवळ घेतलं, आणि सासू समोर असल्यामुळं दोघी फक्त आंब्याच्या पिकाबद्दल बोलल्या. आबांनी लगेच डोली उलगडून अंगणात मांडली. अक्कानं डोलीभोवती एक फेरी मारली. मी शेणात पडल्याचं तिला मी आधीच सांगून ठेवलं होतं. ती म्हणाली, "आबा, ह्यात म्या मेल्यावर बसंन." दाजींना मागून डोली धरायची होती, त्यामुळं त्यांना फारच घाई झाली आणि ते म्हणाले, "मामा, वरंध्याच्या घाटानं यष्टी चालू झालीया की. हिर्डोशीला उतरा, घरी जावा."

आबा यष्टीच्या विरुद्ध होते. भोरचं संस्थान जाऊन सरकार आल्यापासून जे जे नवं आलं त्या सगळ्याच्याच ते थोडेफार विरुद्ध होते. पण अक्का हटून बसली, आणि पोटुशी बाई हटून बसली की आमच्याकडं पुरुषाचं काही चालत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही रस्त्यावर येऊन उभे राहिलो. कंडक्टरनं आबांकडं बघितलं. कोयता, दोन दोर, भोपळा, घुंगराची काठी आणि माणसाच्या दुप्पट लांबीचा वेळू. "मामा, दरोडा घालाया निगालात काय?" तो म्हणाला, आणि वेळू टपावर चढवला. पहिल्या वळणापर्यंत आबा ताठ बसले. दुसऱ्या वळणाला त्यांनी माझा हात धरला. त्यापुढच्या सगळ्या घाटात त्यांचं डोकं खिडकीबाहेर होतं. साप, जखम, ऊन, तहान, सगळ्याची तयारी होती, ओकारीची नव्हती. आईनं त्यांच्या नाकाशी कांदा धरला, त्यानं आणखीच वाढलं. अक्का माझ्या मांडीवर डोकं टेकून गाढ झोपली होती. सातवा सरायला अवकाश होता आणि आमची अक्का बसल्या जागी घाट चढत होती. तेव्हा मला इतका आनंद झाला की आबांची दशा बघून मी मोठ्यानं हसले आणि आईची चापट खाल्ली.

घरी आलो. अक्काला अंगणात ओवाळून आत घेतलं. आईनं नाचणीची आंबील केली, तांदळाच्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला, वाटाण्याची उसळ केली आणि पुन्हा पुन्हा तिच्या पायांना तेल चोळलं. आता भाकरी करपत नव्हत्या. आबा एक दिवस पडून राहिले आणि मग वाडीभर सांगत सुटले की यष्टी हे काही वाईट वाहन नाही, फक्त माणूस तयारीचा पाहिजे. बाजाराचा आदला दिवस आला, गेला. एवढा तयारीचा माणूस, पण त्यालाही आठवलं नाही. आठवायचं कसं? खुणेची सय वाटेत मावशीचं घर लागलं की यायची, आणि यष्टीची वाट मावशीच्या घरावरून जात नव्हती.

मग बाजाराच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सगळे ओसरीवर होतो. अक्का चिंच-मीठ चाटत होती. शेजारची चंपाकाकू आमच्याच सुपात आमचेच तांदूळ निवडत बसली होती, तिनं डोंगराकडं बघितलं आणि तिच्या हातातलं सूप पडलं. उतारावरून ठकूमावशी येत होती. मावशी कधी वाडीत उतरायची नाही. तिचं दूध-लोणी मुलं आणायची. ती स्वतः उतरली म्हणजे एकाच कामाला. चंपाकाकूनं ऊर बडवून घेतला. "गेली गं बया, चौघंबी गेली!" चौघंही तिच्या समोर बसले होते, त्यातल्या एकीचं ताक ती सकाळी पिऊन गेली होती, पण हात ऊर बडवायला निघाला की डोळ्यांचं ऐकत नाही. तिचा आवाज ऐकून आणखी बाया धावत आल्या आणि आमच्या दारात आमच्याच नावानं गळा काढला. मला हसू आवरेना. मी आबांकडं वळले, आणि हसू तिथंच राहिलं. आबा उभे होते आणि बोटानं आम्हाला मोजत होते. अक्का, आई, मी. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवून स्वतःला. पुन्हा अक्का, आई, मी. चारही भरली. ते उंबऱ्यावर मटकन बसले आणि उताराकडं बघत राहिले. तसे बघणारे आबा मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. गोट्या खेळणारा पोरगा कसा असेल ते मला त्या दिवशी दिसलं.

मावशीनं बांधावरूनच दोन्ही हात वर केले आणि पंजे उघडून दाखवले. रिकामे. आबांनी तोंड फिरवलं आणि उपरण्यात नाक शिंकरलं. मग मावशी अंगणात आली. तिनं काठीचं टोक एकेकाच्या अंगाला लावून आम्हाला तपासलं, अक्काच्या पोटाला मात्र हात लावला. आणि नंतर तिनं जे तोंड सोडलं ते मी इथं लिहू शकत नाही, माझी सून हे वाचणार आहे. लिहिण्याजोगं एवढंच की तिचे दोन्ही मुलगे आदल्या दिवशी उजाडताच नाळेत उतरले होते. प्रत्येक घळीत हाका मारत, प्रत्येक कपारीत वाकून बघत ते खाली गेले. धाकट्याची, बिरूची, टाच दगडानं फाटली. अक्काच्या सासरी पोचल्यावर त्यांना कळलं की पाहुणे मोटारीनं केव्हाच गेले.

"मग तुला कळलं हुतं की, आमी सुखरूप हाय," आबा कसेबसे म्हणाले.

"काय कळलं? मोटारीत बसली यवडं कळलं," मावशी म्हणाली. "मोटार पोचली का दरीत गेली, मला कोन सांगनार? तुमच्या यष्टीला खुंटी कुठं हाय?"

खरं सांगायचं तर या प्रश्नाचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही. आई आत गेली, जखमेची ती धुतलेली चिंधी आणि हळद घेऊन आली आणि मावशीच्या पदरात बिरूच्या टाचेसाठी घातली. आबांच्या सगळ्या तयारीतली ही पहिलीच वस्तू कुणाच्या कामी आली. मावशीनं आंबील घेतली, दोनदा घेतली. जाताना म्हणाली, "या आता वर. ज्याची त्यानं न्या."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गेलो. बिरू टाच बांधून दारात बसला होता. आबांनी आपली घुंगराची काठी त्याच्या हातात दिली, आणि तो ती टेकत चालतोय हे बघून त्यांच्या जिवाला बरं वाटलं. पण मावशी आम्हाला मेढीपर्यंत जाऊ देईना. "असं वाडीकडनं येऊन खूण काडत्यात व्हय? खालनं या." शेवटी आबा, आई आणि मी नाळेत खालच्या मोठ्या धोंड्यापर्यंत उतरलो आणि तिथून परत चढून आलो. आबा वहाणा करकरवत पुढं, आणि दर वळणावर ओरडत होते, "आलो गं! आलो!" वरून मावशी, "कोन?" "आमी!" "मोटार कुठं हाय?" सगळा धनगरवाडा हसत होता. आम्ही आपापल्या खुणा काढल्या. आईनं अक्काचीही मागितली. मावशी म्हणाली, "जिची तिनं."

अक्काला मुलगी झाली, सुखरूप झाली. चंपाकाकू त्या दिवशीही रडली. पावसाळा गेला, भात कापून झालं, आणि दाजी तिला न्यायला आले. आबा आता यष्टीचे झाले होते. कनवटीला कांद्याऐवजी लिंबू आलं होतं, कोणत्या बाकावर बसलं की ढवळत नाही हे त्यांनी कंडक्टरकडून काढून घेतलं होतं, आणि आदल्या दिवशी नातीला मांडीवर घेऊन ते ओसरीवर नुसतेच डोलत होते, तिला वळणांची सवय व्हावी म्हणून. अक्का म्हणाली, "यष्टीनं न्हाई जायची. म्या नाळेनं जाणार. माजी खूण हाय वर." आबांनी लिंबू खाली ठेवलं, मुकाट्यानं उठले आणि दोर शोधायला लागले.

मावशीनं अक्काला काही "खालनं ये" म्हटलं नाही. तिनं लेकरू घेतलं आणि मेढीजवळून बाजूला झाली. अक्कानं हात वर केला आणि पिवळ्या तुकड्याचा तो रिठा खुंटीवरून काढला. "पोचलीस बाय म्हायेरी," मावशी म्हणाली. इतके महिने माहेरी राहून अक्का एकदाही रडली नव्हती, बाळंतपणातही नाही. ती आत्ता रडली, मूठ छातीशी धरून, आणि आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. दाजी बाहेर आबांचं ओझं स्वतःच्या पाठीवर बांधून घेत होते. उन्हं चढत होती, उतरायला उशीर होत होता. मावशीनं नव्या काळ्या दोऱ्यात एक छोटा रिठा ओवला, लेकरासाठी, आणि तो अक्कापुढं धरला. अक्कानं डोळे पुसले, तो घेतला, आणि आपल्या खुणेबरोबर त्याच खुंटीला अडकवला.

"कवा?" मावशीनं विचारलं.